दंडाला वण नको

आमच्या बॅचला कावीळ ब ची लस दिली ती सत्त्याण्णव साली, आणि दिली ती कमरेत. कमरेत म्हणायचं ते आपलं चारचौघांत बरं दिसावं म्हणून. नर्सिंग शिकलेली बाई त्याला कुल्लाच म्हणते. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे सगळ्यांना सगळं आठवत होतं, फक्त एवढंच कुणाला आठवेना.

द्वारका चौकाच्या पुढे एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. त्यालाच जोडून नर्सिंगची शाळा आणि मागे आमचं होस्टेल. बहुतेक जणी खेड्यातल्या. मी सिन्नरची, तृप्ती सटाण्याची, यशोदा गावित पेठच्याही पलीकडची. मुलगेही होते दोन-चार, त्यांना सगळे ब्रदर म्हणत. आमच्या ट्यूटर लताबाई. अंगानं बारीक, पांढरं पातळ कडक इस्त्रीचं, आणि जीभ त्याहून कडक. पण एखादीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसायच्या. घरून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या पोरींना अशी बाई भेटली की त्या तिला आई मानून मोकळ्या होतात. आम्हीही झालो.

लस आली तेव्हा बातमी माझ्या आईच्या कानावर गेली. आई, सिंधुबाई तिचं नाव, दुसऱ्या दिवशी सिन्नरहून एसटीनं होस्टेलच्या दारात हजर. तिच्या पिढीच्या बायांच्या दंडावर देवीच्या लशीचे रुपयाएवढे वण. तिला वाटलं, ही लसही तशीच. ती लताबाईंना म्हणाली, "बाई, पोरीला बघाया येऊ लागलेत. दंडाला वण नको. पोरीची जात हे, लय बोलत्यात लोकं."

या लशीचा वण राहत नाही हे लताबाईंना चांगलं ठाऊक होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण आईसमोर त्यांना शिकवणारी बाई व्हायचं नव्हतं, सांभाळणारी बाई व्हायचं होतं. म्हणाल्या, "काळजी करू नका, सिंधुबाई. तुमच्या पोरीचा दंड मी जपते." आई खूश होऊन गेली. मग एकीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा असं कसं करणार, म्हणून सगळ्याच मुलींना कमरेत द्यायचं ठरलं. मुलगे व्हरांड्यात बाह्या वर करून रांगेत उभे, आणि आम्ही आत, हिरव्या पडद्यामागे, टेबलावर पालथ्या. तिन्ही डोस असेच झाले.

आम्हालाही ते सोयीचंच होतं. गणवेशाच्या बाह्या इतक्या घट्ट की दंडापर्यंत चढायच्या नाहीत, आणि दंड दुखायला लागला तर वॉर्डातल्या खाटा कोण आवरणार. पुस्तकात लस दंडात द्यावी असं लिहिलं होतं. पुस्तकात बरंच काही लिहिलेलं असतं. नवीन सुई, नवीन हातमोजे, प्रत्येक पेशंटला वेगळा टॉवेल, हेही लिहिलेलंच होतं.

कमरेत चरबी जास्त. लस त्या चरबीतच अडकून राहते, स्नायूपर्यंत पोचत नाही, आणि मग शरीराला तिची धड ओळखच होत नाही. कुणाच्या अंगी लागते, कुणाच्या नाही. हे आम्हाला कळायला पुढची नऊ वर्षं जावी लागली आणि यशोदाला आजारी पडावं लागलं.

शिकून झाल्यावर मी आणि आमच्यातल्या बऱ्याच जणी त्याच हॉस्पिटलात नोकरीला लागलो. यशोदा ऑपरेशन थिएटरला होती. तिच्या गावातली शिकून नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण, लहानपणी आजीनं हौसेनं काढवून घेतलेलं. थिएटरात बाह्या वर केल्या की नवीन डॉक्टर त्या गोंदणाकडे बघायचे, आणि तासाभरानं बघायचं विसरायचे, कारण त्यांनी मागायच्या आत चिमटा त्यांच्या हातात आलेला असायचा. ती कंत्राटावर होती. दिवाळीनंतर कायम करणार असं तोंडी ठरलं होतं. आश्रमशाळेत शिपाई असलेला नवरा, गावाकडे सासू, आणि ही इथे पंचवटीत खोली घेऊन राहायची. कायम झाली की नवऱ्याला इकडे आणायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मनमाडचा एक पेशंट ऑपरेशनला आला. त्याच्या फाइलवर लाल पट्टी होती, म्हणजे कावीळ ब. टाके घालून झाल्यावर सर्जननं सुई परत देताना बघितलं नाही, आणि ती यशोदाच्या मोज्यातून आरपार बोटात गेली. तिनं नियमाप्रमाणे बोट धुतलं आणि नियमाप्रमाणे डॉक्टर ललित चांदवडकरांकडे गेली. हॉस्पिटलातल्या असल्या संसर्गाचं सगळं त्यांच्याकडे होतं.

चांदवडकर सरांबद्दल मला खोटं बोलायचं नाही. माणूस अभ्यासू. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना दिलेली ही लस किती वर्षं टिकते, हाच त्यांचा विषय. आमच्या नंतरच्या बॅचच्या मुलामुलींची रक्तं त्यांनी तपासली होती, पुण्याच्या परिषदेत निबंध वाचला होता, आणि त्याचा फोटो नोटीस बोर्डावर काचेत लावला होता. लस एकदा नीट घेतली की रक्तातली ताकद पुढे कमी झालेली दिसली तरी शरीर ती ओळख विसरत नाही, संरक्षण वर्षानुवर्षं राहतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते बरोबरच होतं. फक्त त्या नंतरच्या बॅचना नवीन ट्यूटरनं दंडात लस दिली होती. आमची बॅच त्यांनी तपासलीच नव्हती.

यशोदानं बोट दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "लस घेतलीय ना? तिन्ही डोस?"

"हो सर. विद्यार्थी असतानाच."

"मग झालं तर. जा, चहा पी."

एका दिवसाच्या आत संरक्षणाचं वेगळं इंजेक्शन देतात, ते दिलं नाही. त्या दिवशीचं रक्त काढून ठेवतात, तेही ठेवलं नाही. लस घेतलेल्या माणसाला कशाला हवं ते. यशोदा खरंच चहा प्यायला कँटीनला आली. मी विचारलं, "अगं, मग काय म्हणाले?" तर म्हणाली, "काय म्हणायचंय? लस हाय ना आपली." आणि माझ्या बशीतला बटाटावडा अर्धा मोडून खाल्ला.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा तिचे डोळे पिवळे झाले. महिनाभर अंथरुणाला खिळली. कावीळ उतरली, पण रक्तातला विषाणू जाईना. दिवाळी आली आणि गेली, तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच. म्हणजे तो आता मुक्कामाला राहिला होता. मी तिला घेऊन मुंबईच्या एका यकृताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद चाळले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लस दंडात घेतली होती की कमरेत?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कमरेत, असं मीच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "नर्सिंगच्या मुलींना?"

त्यानंतर हॉस्पिटलात समिती बसली. प्रश्न सरळ होता. यशोदाला हा आजार ड्युटीवर झाला असं ठरलं तर तिची नोकरी राहणार, थिएटर नाही तर दुसरं काम मिळणार, आणि औषधोपचार हॉस्पिटल बघणार. तसं नाही ठरलं तर कंत्राट संपलं, घरी जा. समितीत एक ट्रस्टी, चांदवडकर सर, आणि लताबाई. लताबाई तोवर मेट्रन झाल्या होत्या आणि उन्हाळ्यात निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या सत्काराची तयारीसुद्धा सुरू झाली होती. त्या समितीवर आहेत म्हटल्यावर मला हायसं वाटलं. म्हटलं, आपलीच बाई आहे.

चांदवडकर सरांनी आपलं मत मांडलं. आवाज मऊ, शब्द मोजूनमापून. म्हणाले, लशीचं संरक्षण दीर्घकाळ टिकतं हे आपण सिद्ध केलेलं आहे. तेव्हा लस घेतलेल्या व्यक्तीला सुईनं हा आजार होणं जवळपास अशक्य. राहता राहिली एकच शक्यता. सिस्टरना हा आजार लस घेण्यापूर्वीपासून असावा. आधीच आजार असेल तर लस काही करू शकत नाही. आदिवासी भागात एकाच सुईनं गावभर गोंदतात. "त्यांच्या हातावर आहेच," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी यशोदाच्या हाताकडे पाहिलं. तिनं हात पदराखाली घेतला. नऊ वर्षांत मी तिला तसं करताना कधी पाहिलं नव्हतं.

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, सुई टोचली त्या दिवशीचं रक्त ठेवलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. ते तुम्ही ठेवलं नाही. आणि लशीचं म्हणाल तर आमच्या बॅचला ती कमरेत दिलीय. पाहिजे तर आम्हा सगळ्यांची रक्तं तपासा."

"तपासून काय कळणार, सिस्टर?" ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी रक्तातलं प्रमाण कमी होतंच. कमी आहे म्हणजे संरक्षण नाही असं म्हणता येत नाही. लस कुठे दिली होती, एवढंच महत्त्वाचं."

इथे ते बरोबर होते, आणि म्हणूनच सगळं आमच्यावर येऊन ठेपलं. लस कुठे दिली, हे सांगणारे या जगात फक्त आम्हीच होतो. ट्रस्टींनी लताबाईंकडे पाहिलं.

लताबाईंनी चष्मा पदराला पुसला. मग म्हणाल्या, "लस दंडातच देतात."

देतात, म्हणाल्या. दिली, म्हणाल्या नाहीत. तो फरक मला ऐकू आला, पण ट्रस्टींना कुठून येणार.

आमच्या बॅचच्या ज्या तिथेच नोकरीला होत्या त्या मागच्या बाकांवर बसल्या होत्या. ट्रस्टींनी त्यांना विचारलं. तृप्ती पहिली उठली. आयसीयूची इन्चार्ज, यशोदाच्या लग्नात करवलीसारखी नाचलेली. खाली बघत म्हणाली, "दंडात, सर." तिच्या मागच्या दोघी म्हणाल्या, दंडात. एक म्हणाली, आता नीट आठवत नाही, पण दंडातच असेल. बाकीच्या तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या. आमच्याच बॅचच्या भिकन ब्रदरला विचारलं तर तो खराखुरा गोंधळला. घाबरला की त्याची अहिराणी बाहेर पडायची. "माले तं दंडमाच दिधी व्हती. पडदाना मांगे काय व्हयनं ते माले कसं दिसी?" एवढ्या खोलीत खरं बोलणारा तो एकटा पुरुष, आणि त्याच्या खऱ्याचा उपयोग शून्य.

"मॅडम," मी लताबाईंना म्हटलं, "माझी आई तुमच्याकडे आली होती. तुम्हीच तिला म्हणालात, दंड मी जपते म्हणून."

त्या माझ्याकडे वळल्या. पूर्वी ड्युटी चुकवली की जशा बघायच्या, तशाच. "ज्योत्स्ना, तुझ्या मैत्रिणीसाठी तुझा जीव तुटतो, ते मला कळतं. पण बाळा, म्हणून काहीही बोलू नये."

बाळा म्हणाल्या. त्या एका शब्दासाठी मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. भित्र्या असत्या तर समजून घेतलं असतं. पण त्यांनी मला सगळ्यांदेखत हळवी पोरगी करून खाली बसवलं, आणि सगळ्यांना ते पटलं. निवृत्तीच्या तोंडावर स्वतःच्या हाताची चूक कबूल करायची म्हणजे सत्कार गेला, नाव गेलं, हे मला कळत होतं. पण पलीकडच्या खुर्चीवर पदराखाली हात धरून बसलेल्या बाईची भाकरी जात होती. तिला दांडगे भाऊ असते, आमदार मामा असता, तर लताबाईंची आठवण ताजी झाली असती.

आजार नोकरीपूर्वीचा, असा निर्णय झाला. यशोदानं थिएटरातल्या आपल्या चपला पिशवीत भरल्या. लताबाईंच्या पाया पडून मग ती गेली. मी थांबवत होते, तर म्हणाली, "असू दे गं. त्यांनीच शिकवलं ना मला."

निर्णयाला आठवडा झाला नसेल. माझी ड्युटी तेव्हा इंजेक्शन रूमला होती. दुपारी गर्दी ओसरल्यावर तृप्ती आली. इकडचं तिकडचं बोलली, मुलीच्या शाळेचं, नवऱ्याच्या बदलीचं. मग पर्समधून लशीची बाटली काढली. बाहेरच्या दुकानातून घेतलेली, बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेली. म्हणाली, "बूस्टर घेऊन टाकावा म्हटलं. आयसीयूत असते ना मी, सारखा रक्ताशी संबंध."

"बूस्टर कशाला?" मी म्हटलं. "दंडात घेतलेली वर्षानुवर्षं टिकते. सरांनी सिद्ध केलंय."

तिनं बाही वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण तेवढ्यानं मी वितळले नाही. लस दिली. काम आहे ते माझं.

दुसऱ्या दिवशी दुसरी आली, मग तिसरी. नीट आठवत नाही म्हणणारीही आली. तिला आता सगळं आठवलं होतं, पहिला, दुसरा, तिसरा डोस पुन्हा कधी कधी घ्यायचा हेसुद्धा. एकीला दुसरी भेटू नये म्हणून वेळा बघून यायच्या. बाटल्या मात्र सगळ्यांच्या एकाच दुकानातल्या. नाकानं कांदे सोलणाऱ्या या बायांचे दंड मी एकामागून एक स्पिरिटनं पुसत होते. गोरे, सावळे, गुबगुबीत, वण नसलेले.

सगळ्यात शेवटी लताबाई आल्या. ओपीडी बंद झाली होती, मी हात धूत होते. त्यांनी दार आतून लोटून घेतलं आणि बाटली टेबलावर ठेवली. त्या वर्षी त्यांनीही आमच्याबरोबरच घेतली होती, हाताखालच्या सिस्टरकडून, त्याच पडद्यामागे. मी सिरिंज भरली. हवा काढली. मग विचारलं, "कुठे देऊ, मॅडम?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग पदर खांद्यावरून सरकवला आणि दंड पुढे केला. दंड म्हातारा झाला होता, कातडी लोंबत होती. मी अगदी नीट दिली. त्यांनीच शिकवलं होतं तशी, नव्वदच्या कोनात, सरळ. कापूस दाबून धरत त्या म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा." आणि गेल्या. पुढच्या महिन्यात त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि हजारो मुलींची आई असं लिहिलेलं मानपत्र. मी त्या दिवशी रजा टाकली.

रजेच्या दिवशी पेठची एसटी धरली. पेठहून जीप, आणि पुढे चालत. हे सगळं ऐकणारं माणूस एकच होतं.

यशोदा ओट्यावर नागली, म्हणजे आपली नाचणी, निवडत बसली होती. वाळली होती, पण हसली. सासूनं, झुंबरबाईनं, मला स्टीलच्या पेल्यात चहा दिला आणि यशोदाला कानतुटक्या कपात. तो कप आणि एक ताटली कोनाड्यात वेगळी ठेवलेली होती. "या आजाराला ताटवाटीचं काही नसतं, सांगितलं नाहीस का त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं. मग त्या विचारतात, एवढं कळत होतं तर तुला कसा झाला?"

सासू गोठ्याकडे गेली आणि मी सगळं ओकून टाकलं. तृप्ती कशी आली, बाकीच्या कशा चोरपावलांनी आल्या, बूस्टर कसला नि काय. यशोदा नागली निवडत ऐकत होती. मध्येच एकदा हसलीसुद्धा. मला वाटलं, हिलाही माझ्यासारखाच राग येतोय, बरं वाटतंय.

"लताबाई नाय आल्या ना?" तिनं विचारलं.

"आल्या की. शेवटी आल्या. कुठे देऊ म्हणून विचारलं, तर गुपचूप दंड पुढे केला."

तिचा हात सुपात थांबला. मी आपली बोलतच होते, मानपत्राचं, शालीचं, आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की ती ऐकत नाहीये.

"यशे, काय झालं?"

"मी इथं सगळ्यांना सांगत होते," ती म्हणाली, "आमच्या बाईंचं आता वय झालं, त्यांच्या ध्यानात नाय राहिलं, नायतर त्यांनी मला घालवलं नसतं." तिनं सूप बाजूला सारलं. "रोज सांगत होते. तेवढंच बरं वाटायचं मला. एवढ्या लांब तू हे सांगायला आलीस होय, ज्योत्स्ना?"